गुहागरला चौदा इंची

जुलैत कोकणात गाडी घेऊन जायचं म्हटलं की लोक आधी छत्र्या शोधतात. आमचे सासरे वाकून टायर बघतात. ते एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, पण त्यांची लाथ अजून कामावर आहे. कुठल्याही गाडीपाशी गेले की आधी टायरला एक लाथ घालतात आणि आवाजावरून हवा सांगतात. एका लग्नात फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. "पुढचा डावा पंचवीसवर आलाय, भरून घ्या," असा आशीर्वाद देऊन मगच त्यांनी हातात अक्षता घेतल्या.

या वेळचं निमित्त होतं मेहुण्याचं. पुण्यात एकाच ऑफिसात काम करता करता त्याचं आणि गुहागरच्या एका मुलीचं जमलं होतं. पोरांनी सगळं ठरवून टाकलेलं. मोठ्यांनी आता जाऊन, आपणच ठरवतोय अशा चेहऱ्याने चहा प्यायचा, एवढंच शिल्लक होतं. दोन गाड्या निघणार होत्या. एक आमची स्विफ्ट आणि दुसरी मेहुण्याची, तीही स्विफ्टच. दोन्ही जन्माने चौदा इंची. पण जमल्याची बातमी पक्की झाल्या झाल्या त्याने आपल्या गाडीला सोळा इंची अलॉय बसवून घेतले होते. प्रेमात माणूस व्यायामशाळेत जातो असं ऐकलं होतं. याने गाडीला पाठवलं.

आमच्या गाडीचं मागचं चाक अंगठ्याने चाचपून सासरे म्हणाले, "जावईबापू, यातून पाणी जाणार कुठून?" टायरच्या खाचांच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. कायद्याच्या दृष्टीने टायरचं आयुष्य तिथे संपतं. आमचे टायर पट्टीला भेटून वर गप्पा मारायला लागले होते.

म्हणून आम्ही सगळे नाना पेठेत. टायर घ्यायचा म्हणजे पैसे देऊन काळं गोल काहीतरी आणायचं, अशी माझी कल्पना होती. दुकानात शिरताच मेहुण्याने प्रस्ताव मांडला.

"दाजी, घेतोच आहात तर सोळाच करून टाका. गाडी उंच होते. खड्ड्यांची भीतीच नको."

दुकानदाराने पाठकोऱ्या बिलावर आकडेमोड सुरू केली. आमचा टायर १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. आर म्हणजे रेडियल. चौदा हा रिमचा व्यास, तोही इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत कुरकुर न करता नांदतात, असं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही. तर १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर भिंत. ती रिमच्या वर एकदा, खाली एकदा. मधे १४ इंचांचे ३५५.६. बेरीज ६१९.६. मेहुण्याचा टायर १९५/५५ आर १६. भिंत १०७ आणि थोडी. बेरीज ६२०.९.

"फरक १.३," दुकानदार म्हणाला. "त्यातला अर्धा खाली जमिनीकडे, अर्धा वर. म्हणजे गाडी उंच झाली ०.६५ मिलिमीटर."

मेहुण्याने तो कागद उलटा करून पाहिला. मागे कुणाच्या तरी पंक्चरचा हिशेब होता.

असं होण्याचं कारण साधं आहे. चाकाचा बाहेरचा घेर फारसा बदलू द्यायचा नसतो. नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतं आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. म्हणजे रिम वाढवायची तर रबर कमी करावं लागतं. मोठं चाक म्हणून आपण जे विकत घेतो ते खरं तर जास्त धातू आणि कमी टायर. कमी झालेली ती पंचवीस मिलिमीटर भिंत, म्हणजे अख्खा एक इंच, हीच आपली कंबर आणि सार्वजनिक रस्ता यांच्यामधली सोय होती. दुकानदाराने मेहुण्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली, आणि ती खोटी नव्हती: आखूड भिंतीचा रुंद टायर वळणावर कमी झुलतो, कोरड्या रस्त्यावर पकड चांगली देतो आणि दिसतो तर फारच छान. पंधरा इंचांचा मधला मार्गही होता. याच गाडीच्या महागड्या आवृत्तीला कंपनी १८५/६५ आर १५ देते. त्याची बेरीज ६२१.५.

चर्चा रंगात आलेली असताना बायको बाहेर गेली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून परत आली. "दारावर १६५/८० आर १४ लिहिलंय. हवासुद्धा किती भरायची ते लिहिलंय. चार द्या." गाडी तीच चालवते, त्यामुळे चर्चा संपली.

म्हणजे आकाराची संपली. कंपनी कुठली, हा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. "एमआरएफ. सचिनच्या बॅटवर होतं."

"बाबा, सचिन बॅटने कुंभार्ली उतरत नव्हता," मेहुणा म्हणाला. पण बाबांच्या निवडीला इतिहासाचाही आधार निघतो. त्या कंपनीची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. रबरात हवा भरण्याचा धंदा त्यांनी बालवाडीपासून केलाय.

मग सासऱ्यांनी प्रत्येक टायरवरचे चार आकडे तपासले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. १२२४ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण आतून रबर कडक होत जातं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसे ते चारही टायर फिरवून फिरवून बघत होते आणि दुकानदार मालाकडे न बघता छताकडे बघत होता. पुढे ८५टी असं होतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो भार चालतो. "चौघांचे २०६०," सासरे म्हणाले. "गाडी हजाराच्या आत. उरलेल्यात आपण आणि तुझ्या आईचे डबे." टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल असा टायर. हे ऐकून मला उगाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

"नायट्रोजन भरू?" पोऱ्याने विचारलं. त्याचे वेगळे पैसे. नायट्रोजन कोरडा असतो, हवा हळू उतरते, वगैरे.

"साध्या हवेत किती असतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर टक्के," मी शाळेतलं सांगितलं.

"मग तेवढा फुकटातला भर. वरच्या बावीस टक्क्यांचं गुहागरला बघू."

अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. शेवटी सासऱ्यांनी चारही टायरांना लाथ घातली आणि आम्ही मोकळे झालो.

निघालो त्या पहाटे पाऊस होताच. आमच्या गाडीत बायको, मी आणि सासरे. मेहुण्याबरोबर सासूबाई आणि त्यांचे डबे. कात्रजचा बोगदा ओलांडला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं असताना सासरे पाय मोकळे करायला उतरले आणि आमच्या मागच्या गाडीला लाथ घालून आले. तिच्या मालकाने काच खाली केली, तर त्याला उलट सल्ला मिळाला.

खंबाटकीच्या चढावर मात्र मेहुण्याने मैदान मारलं. १९० चा अधिकार असलेले माझे टायर एका कंटेनरमागे बाराच्या गतीने चालले होते. तो मात्र एकेका वळणावर चिकटून, न झुलता, सफाईने पुढे गेला. ते देखणं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे साताऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर पाण्याचे थर साचले होते आणि तिथे त्याचा वेग एकदम कमी झालेला दिसला. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. वेग जास्त असला की खाचांना तेवढं जमत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हातात हलकं हलकं लागतं. अरुंद टायर पाणी कापत जातो. हे मला पाटणला चहा पिताना एका टेम्पोवाल्याने सांगितलं. त्याने विचारलं नसताना आमच्या दोन्ही गाड्यांची चाकं न्याहाळली, बिस्किट बुडवलं आणि म्हणाला, "ती लाल गाडी सिनेमाची हाय. ही पांढरी बाजाराची." आमची पांढरी.

कोयनानगरला ओझर्डे धबधब्याकडे वळणाऱ्या गाड्यांची गर्दी. आम्ही सरळ. कुंभार्लीच्या माथ्यावर धुकं असं होतं की बॉनेटचं टोकही अंदाजाने मानायचं. पुढच्या एस.टी.चा लाल दिवा धरून बायको खाली उतरत राहिली. सासरे मागून मोठ्या अभिमानाने त्या एस.टी.चे टायर ओळखत होते. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

घाट संपला, पोफळी आली, आणि खड्डे सुरू झाले. पावसाळी खड्ड्याची लबाडी अशी, की पाणी भरलं की डबकं आणि विहीर सारखीच दिसतात. आमची गाडी एकात गेली. "धप्प." डबे नसल्यामुळे काहीच वाजलं नाही. सासरे म्हणाले, "ऐकलंत? रबर बोललं."

मागून मेहुणा त्याच खड्ड्यात गेला. "खट्ट."

"ते रिम बोललं," सासरे म्हणाले आणि छत्री उघडायला लागले.

पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात आखूड भिंत चिमटली की आतले धागे तुटतात. मग तिथे हवेला फक्त रबर अडवतं. याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. तो टायर गेलाच. रिमलाही एक चीर गेली होती. लोखंडी डिस्क वाकते, हातोड्याने ठोकून सरळ होते आणि पुढची दहा वर्षं मुकाट्याने चालते. अलॉयला असा नम्रपणा येत नाही.

स्टेपनी डिकीच्या तळाशी. तिच्यावर सासूबाईंचे डबे. लाडू, चकल्या, एक साडीची पिशवी आणि मुलीकडच्यांसाठी बाकरवडी, सगळं भर पावसात पोफळीच्या रस्त्याकडेला एका दुकानाच्या पायरीवर मांडलं गेलं. जाणाऱ्या एका बाईंनी चकलीचा भाव विचारला. सासूबाईंनी आधी रागाने पाहिलं, मग एक चकली दिली आणि लगेच कशी झालीय ते विचारलं. तोवर मेहुणा जॅक लावत होता, मी पान्यावर उभा राहून नट सैल करत होतो आणि सासरे छत्रीखालून हुकूम सोडत होते: "समोरासमोरचे नट आवळ. क्रमाने नको."

स्टेपनी निघाली ती कंपनीने दिलेली मूळची. १६५/८० आर १४, काळी लोखंडी डिस्क, अंगावर कधी ऊन न पडलेली. ६१९.६ आणि ६२०.९, गाडी जरासुद्धा तिरपी झाली नाही. फक्त तीन चाकं चकचकीत आणि एक चाक कामावर निघाल्यासारखं दिसत होतं.

चिपळूणला टायरच्या दुकानात विचारलं. दुकानाबाहेर १६५/८० आर १४ ची उतरंड रचलेली. "सोळा?" दुकानदाराने मेहुण्याकडे सहानुभूतीने बघितलं. "मागवावा लागेल. परवा येईल. रिमचं काही सांगता येत नाही." इथल्या गाड्यांना काय लागतं ते दुकानाबाहेर रचलेलं असतं, पुण्याच्या शोरूममध्ये ते कुणी सांगत नाही.

"आज चहा आहे हो," सासूबाई कळवळून म्हणाल्या. दुकानदाराने स्टेपनीतली हवा बघून दिली. सांभाळून, हळू जा म्हणाला.

चिपळूण ते गुहागर मेहुणा एक शब्द बोलला नाही, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. मधे एकदा थांबून त्याने गाडी धुतली. पावसात. गुहागरला मुलीच्या घरासमोर पोचल्यावर त्याने बरीच मागेपुढे करून डावी बाजू चिऱ्याच्या गडग्याला अगदी चिकटवून लावली, इतकी, की सासूबाईंना ड्रायव्हरच्या बाजूने उतरावं लागलं.

चहा झाला, पोहे झाले, नारळाच्या वड्या झाल्या. ठरलेलं सगळं पुन्हा रीतसर ठरलं. निघताना मुलीचे वडील सोडायला बाहेर आले. पाऊस थांबला होता. ते आमच्या गाडीभोवती फिरले, काही बोलले नाहीत. मग मेहुण्याच्या गाडीकडे गेले आणि गडगा व गाडी यांच्यामधल्या फटीत मान घालून आत वाकले. मेहुण्याचा चेहरा उतरला. मुलगी ओठ दाबून उभी होती.

त्यांनी आत हात घालून काळ्या चाकाची भिंत अंगठ्याने दाबून पाहिली, मग बाहेर आले आणि हात झटकत म्हणाले, "हा एक बरा घातलायत. बाकीचे तीन असे कधी करून घेणार?"

एवढं बोलून त्यांनी मागच्या चकचकीत चाकाला हलकेच एक लाथ मारली.

सासऱ्यांनी माझा दंड घट्ट धरला. "जावईबापू," ते कुजबुजले, "माणसं चांगली आहेत."