एक लिटरच्या बाटलीस अनावृत पत्र

तृषाहारिणी, सॅकनिवासिनी, एक लिटरच्या बाटलीस,

आचोळ्याहून सा. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत वसई-विरारकडच्या आमच्या आचोळ्यातली हौशी मंडळी जैसलमेरजवळच्या मरू राष्ट्रीय उद्यानात पायी हिंडायला निघणार, हे आपल्या कानावर आले असेलच. बूट, टोप्या, गॉगल यांवर खल झाला. पाण्याचा विषय मात्र ‘प्रत्येकी एक बाटली’ एवढ्यावर मिटला. म्हणजे मोहिमेची सारी भिस्त आपल्यावर. हा मान आपण नाकारावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. रखरखत्या उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. त्या हिशेबाने आपली कारकीर्द एका तासाची. सहा तास चालायचे तर पाठीवर सहा किलो नुसते पाणी, आणि ते वाहण्यापायी आणखी घाम! त्यात सॅकच्या जाळीदार खिशात ऊन खात बसल्यावर आपल्या पोटातले पाणी असे तापते की तहानेने जीव कासावीस झाला तरी घोटभरापलीकडे ते कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

यावर मंडळींचे ठरलेले उत्तर असे, की आम्हाला उकाड्याची सवय आहे. लोकलच्या डब्यात काय कमी घाम येतो? सगळी गोम इथेच आहे. वसई-विरारच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो निथळतो. अंग थंड होत नाही, पण पाणी चालले आहे हे शर्ट पिळून कळते. वाळवंटात नेमके उलटे. कोरडी हवा घाम फुटताक्षणी टिपून घेते, अंग कोरडे लागते आणि माणूस समजतो की आपण ठणठणीत आहोत. शरीरातून किती पाणी गेले ते संध्याकाळी काळ्या टी-शर्टवर उमटलेले मिठाचे पांढरे नकाशेच सांगतात. घामाची ओल पाहून तहान ओळखायला शिकलेल्या किनाऱ्यावरच्या माणसाची सवय तिथे कामाची नाहीच, उलट ती त्याला फसवते. शिवाय शरीराला नव्या उन्हाशी जुळवून घ्यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बोरिवलीला सूर्यनगरी एक्स्प्रेसमध्ये चढून जोधपूरला उतरेपर्यंत ते जुळत नाही. आणि सवय तरी किती खरी? हवामान खाते मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून करते, किनारपट्टीवर 37 पासूनच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले. ते डोंगर चढत नव्हते, बसलेले होते.

दुसरा दाखला आमच्याकडच्या तुंगारेश्वराच्या डोंगराचा. तिथे चालत जातो, मग वाळवंट काय मोठे? तुंगारेश्वराच्या वाटेवर डोक्यावर झाडी आहे, आणि खरी गर्दी श्रावणात, म्हणजे पावसात. मरू उद्यान सुमारे 3,162 चौरस किलोमीटरचे. त्यात वाळूच्या टेकड्या थोड्या. बाकी खडकाळ माळ, खुरटे गवत आणि लांबलांबवर एखादे खेजडीचे झाड. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी 200 मिलीमीटरच्या आसपासच पाऊस होतो. आमच्याकडे जुलैत तेवढा एखाद्या दिवसात कोसळून जातो. जोधपूरहून जैसलमेरला जाताना लागणाऱ्या फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता. ज्या माळढोकाच्या दर्शनासाठी हा खटाटोप, तो उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालतो. त्या दिवसांत तिथे पायपीट करणे त्यालाही परवडणारे नाही. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, हे लक्षात घेतलेले बरे.

‘मग जास्त पाणी आणि इलेक्ट्रॉल नेऊ’ ही सूचना समंजस आहे, पण अर्धवट. नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, मळमळ आणि चक्कर येते, आणि ती ऊन लागल्याची समजून माणूस आणखी पाणी पितो. मीठ-साखरेने ते काही प्रमाणात टळते. डोक्यावरचे ऊन मात्र टळत नाही. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात सखल भागात सकाळी 10 नंतर चालू नका, असे उद्यानवालेच बजावतात. ते बाटल्या मोजत बसत नाहीत, घड्याळ दाखवतात. पहाटे चालून दहाला परतू म्हणावे, तर मेमधला उरलेला दिवस काढायचा कुठे? राहता राहिली सुट्टीची अडचण. शाळा मेमध्येच बंद असतात, हे कबूल. पण दिवाळीची सुट्टीही शाळाच देतात आणि नाताळचे दोन-चार दिवसही मिळतात. नाताळात तर जैसलमेरच्या रात्री स्वेटर लागतो आणि दुपारी माणसासारखे चालता येते.

तेव्हा बाटलीबाई, मे महिनाभर आपण फ्रिजच्या दारातच मुक्काम करावा आणि पाणी प्यायला दार उघडणाऱ्या प्रत्येकाला तारीख बदलायला सांगावे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. डिसेंबरच्या तिकिटांसाठी ऑक्टोबरमध्ये जागे राहिले की पुरे.

आपला,
आचोळ्यातला एक तहानलेला