हाताची घडी, तोंडावर बोट

परग्रहावरचे लोक येतील आणि आपल्याला भाजून काढतील, ही धास्ती एच. जी. वेल्सने १८९८ साली घातली, ती अजून पुरती गेलेली नाही. मला मात्र त्या मंगळवाल्यांचं फारसं भय वाटत नाही. अंगावर येणाऱ्यावर निदान दगड तरी भिरकावता येतो. खरी धडकी भरते ती आपल्या भल्यासाठी आलेल्या पाहुण्यांची.

आर्थर क्लार्कच्या ‘चाइल्डहूड्स एंड’ (१९५३) या कादंबरीत असे पाहुणे येतात. अवाढव्य यानं महानगरांच्या डोक्यावर येऊन थांबतात आणि कॅरेलेन नावाचे कुणी गृहस्थ पृथ्वीचा कारभार हाती घेतात. पद काय, तर सुपरवायझर! लढाया बंद, भूक बंद. फक्त पन्नास वर्षं तोंड दाखवायचं नाही. (पाच वर्षं तोंड न दाखवणारे आपल्याला नवे नाहीत, पण इथे कामं होतात.) प्राण्यांना छळू नका, असंही कॅरेलेन बजावतो. तरी बैलांची झुंज भरतेच. पहिला भाला बैलाच्या अंगात घुसतो आणि सगळं मैदान कळवळून किंचाळतं, कारण बैलाची वेदना प्रत्येक प्रेक्षकाला जशीच्या तशी पोचती केलेली असते. ना दंड, ना कोठडी. हे वाचताना मी चक्क टाळी वाजवली. मग लक्षात आलं, की निवडणूक न होताच कॅरेलेनला माझं मत पडलंसुद्धा.

तरी कॅरेलेन बिचारा वर आभाळात राहतो. थेट स्वयंपाकघरात शिरणारे भेटतात ते जॅक विल्यमसनच्या ‘विथ फोल्डेड हँड्स’ या १९४७ च्या कथेत. दूरच्या ग्रहावरून आलेले हे काळे तुकतुकीत यंत्रमानव माणसाची सेवा करायची आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही, एवढंच व्रत घेऊन आलेले. अंडरहिल नावाच्या एका साध्या दुकानदाराच्या घरी ते येतात. बायकोने सुरीला हात लावायचा नाही, बोट कापेल. तिच्या कादंबऱ्याही गायब, कारण त्यांत माणसं दुःखी असतात. दारांना मुठीच नाहीत. दार उघडायचं ते त्यांनी. सगळं अगदी अदबीने. तुम्ही बसा, आम्ही करतो!

साठी उलटलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. माळ्यावरचा डबा काढायला मी स्टुलावर एक पाय ठेवतो न ठेवतो, तोच सूनबाई आतून धावत येते. ‘‘बाबा, उतरा बघू आधी. काय हवंय ते मला सांगा ना.’’ तिच्या हाताला कणीक लागलेली असते आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. मला डबा नको होता, स्टुलावर चढायचं होतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? डबा हातात येतो. त्यात हळद निघते.

विल्यमसनचं बालपण आडरानात, जोखमीच्या मुलुखात गेलं. घरच्यांनी त्याला जिवापाड जपलं. त्या जपण्याने आपण गुदमरलो, आणि ज्यांच्यावर माया होती त्यांचा राग तरी कसा करायचा, ते या कथेत उतरलं, असं त्याने पुढे सांगितलं होतं. म्हणूनच त्या यंत्रमानवांत खलनायक सापडत नाही. शोधून पाहा, प्रत्येक जण नम्र.

त्यांच्या राज्यात दुःख हा आजार असतो आणि औषधाने भागलं नाही, तर मेंदूवर शस्त्रक्रिया. खुद्द त्यांना बनवणारा शास्त्रज्ञ त्यांच्याविरुद्ध उभा राहतो, तर त्यालाही टेबलावर घेतात. शुद्धीवर आल्यावर तो हसतमुख. अंडरहिल मग शहाण्यासारखा हाताची घडी घालतो आणि मी सुखी आहे म्हणून सांगतो.

आमच्या सोसायटीचं मात्र कठीण दिसतं. इथे सकाळी कुणालाही ‘काय म्हणता?’ विचारलं, की उत्तर येतं, ‘चाललंय आपलं.’ आणि पाठोपाठ गुडघा, पाणी, लिफ्ट, जावई. पहिल्याच आठवड्यात निम्मी इमारत शस्त्रक्रियेच्या रांगेत लागेल, आणि रांग फार भराभर सरकते, दोन शब्द बोलायलासुद्धा सवड मिळत नाही, म्हणून तिथेच कुरकुर सुरू होईल.