नावाची गाय, नंबरचा माणूस

ब्रिटनमधील न्यूकासल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये थोर सत्य उजेडात आणले: नावाने हाक मारलेली गाय अधिक दूध देते. ५१६ पशुपालकांना विचारून काढलेला हा फरक एका वेतात २५८ लिटरचा. त्याच वर्षी त्यांना विनोदी वाटणाऱ्या संशोधनासाठीचे इग नोबेलही मिळाले. कपिला-तांबूला हाका मारणाऱ्या आजीला मात्र साधे प्रमाणपत्रही नाही.

माणसांबाबत अमेरिका अधिक शिस्तीची: तिथे नाव नव्हे, नंबर. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी कचेऱ्या अमली पदार्थमुक्त करण्याचा आदेश काढला. तेव्हापासून कर्मचारी तपासणीसाठी लघवी देतो, बाटलीला नंबर मिळतो. खसखशीचा पाव खाणारेही त्यात अफूबाज ठरत. म्हणून १९९८ मध्ये लघवीतील अफूच्या अंशाची मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली.

आता दोन्ही शास्त्रांचा संगम व्हावा. बाटलीलाही लाडाचे नाव द्यावे. उत्पादन नक्की वाढेल.