ऐकलंत का, गिरणीवाल्यांच्या ओसरीवर लॅब उघडलीय!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडं सरका, भिंतीला भिंत लागून आहे. गिरणीवाल्यांच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत लाईट असते ना, तुम्हाला वाटलं असेल पाहुणे आलेत. छे हो! बारावीची लेकरं जमतात. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय. लेखी ७० ची, ती नंतर. आधी हे ३० मार्कांचं, आणि त्याला बाहेरून एक्स्टर्नल येणार.

तर त्यात कोण यावं? मेडिकलवाल्यांचा! होय, तोच, लातूरला ठेवलेला. नाव इकडच्या कॉलेजात आणि लेकरू तिकडं ट्यूशन एरियात. आता तुम्हाला काय नवीन सांगायचं, निम्म्या तालुक्याची तीच तऱ्हा. शाहू नाहीतर दयानंद कॉलेजला नंबर लागला तर ठीक, नाहीतर ॲडमिशन एकीकडं अन् लेकरू दुसरीकडं. दोन वर्षं नुसतं नीट, नीट, नीट! लॅबचा उंबरा काही ओलांडला नाही पोरानं.

आणि त्याची आई... मागं हळदीकुंकवाला काय म्हणाली, तुम्ही होतात की! "आमच्याकडं प्रॅक्टिकलचं टेन्शनच नाही बाई, नीटला कुठं बर्नर पेटवायला लावतात?" असं सगळ्यांच्या देखत, गिरणीवालीकडं बघून. गिरणीवाली बिचारी गुमान वाण वाटत होती. पण तिची पोरगी! तिळगुळाचं ताट हातात, मान खाली, आणि म्हणते कशी, "काकू, २०२४ पासून नीटच्या सिलॅबसला प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचं अख्खं युनिट आहे. टायट्रेशन, सॉल्ट ॲनालिसिस, सगळं." माय गं! तिळाचा लाडू अर्धा दातात, अर्धा बाहेर. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी. पुढं उखाणे झाले, पण बाई काही बोलली नाही.

तर काय सांगत होते... हां. दुसऱ्याच दिवशी पोरगा हजर ओसरीवर. मी दळण घेऊन गेले होते. (पीठ संपलं नव्हतं हो आमचं, पण जायला काहीतरी निमित्त हवं ना.) पोरीनं काय केलं होतं, उंच काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चिमूटभर हळद आणि धुण्याचा सोडा. लालभडक झालं बघा! हळदीच्या डागाला साबण लागला की होतो ना, तोच रंग. आणि लिंबाचा रस गाळून सिरिंजमध्ये भरलेला. सिरिंज याच्याच दुकानातली. "हे आपलं ब्युरेट," म्हणे. "रस थेंबथेंब सोडायचा, ग्लास फिरवत राहायचं. लाल जाऊन पिवळं झालं की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं."

यानं घेतली सिरिंज आणि दाबली की हो! सुर्रकन अर्धा रस आत. फेस वर आला आणि रंग लालाचा थेट पिवळा.

"रीडिंग किती?" पोरीनं विचारलं.

पोरगा गप्प. कान लाल. बाकीची लेकरं वह्यांत तोंड घालून हसायला लागली. पोरगी मात्र हसली नाही हं. "परत भर," एवढंच म्हणाली. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा... शेवटी एका थेंबावर जमलं तेव्हा पोरगा असा ओरडला की त्यांची म्हैस उठून उभी राहिली.

खरं प्रॅक्टिकल वेगळं असतं म्हणे. ब्युरेटमध्ये ते जांभळं परमँगनेट, खाली ऑक्झॅलिक ॲसिड. ते गरम करून घ्यावं लागतं, आणि मोहर सॉल्ट दिलं असेल तर गरम करायचं नाही. तिथंच निम्मी लेकरं फसतात. वरून पडलेल्या थेंबाचा रंग जात राहतो, जात राहतो, आणि एका थेंबाला फिका गुलाबी टिकतो. तिथं हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला की गेलं.

हे ऐकलं आणि आजी बोलल्या. गिरणीवालीच्या सासूबाई हो, कोपऱ्यात पान लावत बसलेल्या. "आमच्या आडात लाल औषध टाकायचे, ते हेच की गं. घाण असली की रंग उडून जायचा, मग अजून टाकायचे. गुलाबी टिकलं की पाणी चांगलं." पोरगी बघतच राहिली. म्हणे, "आजी, तोच एंड पॉइंट!"

मग काय, आजींना चेव चढला. लेकरं सॉल्ट ओळखायचा खेळ खेळत होती. तुरटी ओळखली कुणीतरी. मोरचूद शेतीच्या दुकानातून आणलेलं. विष आहे ते, पोरीच्या आईनं बरणीत बंद करूनच दिलं, लांबून बघा म्हणाली. पण एक पांढरी पूड कुणाला ओळखू येईना. मेडिकलवाल्याचा म्हणे, "कॅटायन, ग्रुप झिरो, अमोनियम असू शकतं." पाठ सगळं, पुस्तक कोळून प्यालेलं! पण सिद्ध कसं करणार? आजींनी ती चिमूट तळहातावर घेतली, चंचीतला चुना बोटावर काढला, दोन्ही चोळलं आणि हात नेला त्याच्या नाकाखाली. पोरगा दोन हात मागं! डोळ्यांत पाणी. "नवसागर आहे रे लेकरा. कल्हईवाला वापरायचा. चक्कर आली की आम्ही असाच चोळून हुंगवायचो." लॅबमध्ये चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा घालून तापवतात म्हणे, पण वास तोच, अमोनियाचा.

आता टेस्टट्यूबा धुवायला पाणी किती जातं ते विचारू नका, माझा तर जीव खालीवर होतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी लॅबमध्ये काय केलं असेल देव जाणे... जाऊ द्या.

तर मुख्य गोष्ट राहिलीच! काल मेडिकलवाली स्वतः आली, पिशवीभर लिंबं घेऊन. "पोरांना लागतात ना," म्हणे, आवाज असा मऊ. गिरणीवालीनं पिशवी घेतली, चहा केला, हळदीकुंकवाचा विषय काही काढला नाही. पण लिंबं होती ढीगभर आणि पोरांना लागतात दिवसाला दोन. उरलेल्यांचं लोणचं घातलंय तिनं. आम्हाला वाटीभर आलं, तुम्हालाही येईल. मेडिकलवाल्यांकडं अजून गेलेलं नाही हं!