चालेल आणि मे गुस्ता

स्पॅनिशच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात नाव, गाव, वय, नोकरी सांगून झालं की तिसऱ्या-चौथ्या धड्यात आवडीनिवडी येऊन ठेपतात. नाव सांगता येऊ लागलेल्या माणसाला लगेच वांग्याबद्दलचं मतही सांगायचं असतं, अशी पुस्तक लिहिणाऱ्यांची समजूत असावी.

इंग्रजी भाषिक विद्यार्थ्याचा या धड्यात घाम निघतो म्हणतात. मराठी विद्यार्थी मात्र पाय पसरून बसतो. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. आंबे अनेक असले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्यांच्या तालावर चालतं, खाणाऱ्याला कुणी विचारत नाही. बाई फळ्यावर बाण काढून हे समजावत असतात, आणि यात समजावण्यासारखं काय आहे, हे आपल्याला कळत नसतं. उलट आपल्याकडे आंबा आवडतो, कैरी आवडते आणि लोणचं आवडतं. त्यांचं क्रियापद लिंगाच्या भानगडीतच पडत नाही. गाणं आणि नाचणं दोन्ही आवडत असलं तरी त्यांच्याकडे एकवचनी 'गुस्ता', आपल्याकडेही एकवचनी 'आवडतं'. शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीतही वस्तूने माणसाला आवडायची रीत तग धरून होती. मग इंग्रजांनी कर्तेपण स्वतःकडे घेतलं. पुढे त्यांनी इतकं काही स्वतःकडे घेतलं, की त्या मानाने हे किरकोळच.

व्याकरण असं फुकटात पदरात पडल्यावर पंचाईत होते ती पान उलटल्यावर. तिथे 'नो मे गुस्ता' असतं. मला आवडत नाही. शब्द तीनच, उच्चार सोपा, पण ते तोंडातून बाहेर पडत नाहीत. आपल्याला ती सवयच नाही. समोरच्याने केलेली भाजी बिघडली असेल तर ती 'वेगळी झालीय'. नको असलेलं श्रीखंड 'सोसत नाही'. कुठल्या हॉटेलात जायचं यावर 'कुठेही चालेल' म्हणणारा माणूस चार हॉटेलांची नावं ऐकून चारही वेळा 'हो, चालेल ना' म्हणतो, आणि त्याच्या चौथ्या 'चालेल'च्या सुरावरून बाकीच्यांनी ओळखायचं असतं की याला थाळी हवी आहे. लग्नाच्या बाजारात तर नावड या गोष्टीला प्रवेशच नव्हता. कांदेपोहे खाऊन गेलेल्या मंडळींकडून पोस्टकार्ड यायचं ते पत्रिका जुळत नसल्याचं. मंगळाने महाराष्ट्रात जेवढा दोष स्वतःवर घेतला, तेवढा क्वचितच कुणी घेतला असेल.

आणि स्पॅनिशचं 'नो मे गुस्ता'वर भागत नाही. जोर द्यायचा तर पुढे 'नादा' लावायचं. नादा म्हणजे काहीच नाही. नकारावर नकार चढवून माणूस शांतपणे काट्याने वांगं बाजूला सारतो. आवडीच्या टोकाला 'मे एन्कान्ता' आहे, आणि त्याला 'मुचो' म्हणजे 'खूप' जोडायचं नाही, असा नियम. 'खूप खूप'वर पोसलेल्या आपल्यासारख्यांना तो जरा कंजूष वाटतो.

मग वर्गात साखळीचा खेळ येतो. एकाने सांगायचं, पुढच्याने सहमती किंवा असहमती दाखवायची. आवडीला दुजोरा 'आ मी ताम्बिएन', नावडीला दुजोरा 'आ मी ताम्पोको', विरोध करायचा तर 'आ मी सी' किंवा 'आ मी नो'. चार उत्तरं शिकवली जातात, आम्ही दोनच वापरतो. पहिल्याला वांगं आवडलं की वर्गभर ताम्बिएन. नाही आवडलं की वर्गभर ताम्पोको. उगाच कशाला कुणाचं मन मोडा! बाईंना वाटतं, यांना विरोधाचं व्याकरण कळलेलं नाही. कळलेलं असतं हो.

स्पेनमधल्या लोकांना हा संकोच नाही. आवडीनिवडींवर काही लिहून ठेवलेलं नाही, अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे, आणि ती उच्चारून ते भांडायला मोकळे होतात. बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे अंड्याच्या जाड पोळ्यात, कांदा घालावा की नाही यावरून देशात उघड दोन पक्ष आहेत, आणि त्यांना कांदेवाले आणि बिनकांदेवाले अशा धर्तीची नावंही आहेत. गालिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया बिनकांद्याची आणि कापली की वाहणारी. ती पाहून कांदेवाले हळहळतात. बैलांच्या झुंजीचं तर आणखी पुढे गेलं. 'ते गुस्तान लोस तोरोस?', बैल आवडतात का, हा प्रश्न पहिल्या इयत्तेचा. पण कातालोनियाच्या संसदेने 2010 साली या झुंजींवर बंदीचा कायदा केला आणि 2016 साली स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. आमच्या पुस्तकात याच प्रश्नाखाली होकारार्थी व नकारार्थी उत्तर लिहिण्यासाठी दोन रेघा आहेत.

माणसांच्या बाबतीत जपून. 'मे गुस्तास' म्हणजे तू मला आवडतेस, आणि त्यातून जे आपल्याकडे समजलं जातं तेच तिथेही समजलं जातं. मानू चाओचं 2001 सालचं 'मे गुस्तास तू' हे गाणं आवडत्या गोष्टींची लांबलचक यादी असल्यामुळे शिक्षकांचं लाडकं आहे. त्यातलं ध्रुवपद मात्र शेजारच्या बाकाकडे पाहून म्हणू नये. साधी मैत्री असेल तर 'मे काए बिएन' म्हणतात, म्हणजे तो माणूस माझ्यावर बरा पडतो. द्वेषाला मात्र हा आडपडदा नाही. 'ओदिओ', मी द्वेष करतो. कॉफी आपणहून आवडते, द्वेष स्वतः करावा लागतो. आणि इथेही मराठीचं त्यांच्याशी पटतं.

शिष्टाचारही आहेच. जेवणाऱ्याने आल्यागेल्याला 'उस्तेद गुस्ता?' असं विचारायची जुनी पद्धत आहे. त्यावर ताटात हात घालायचा नसतो. जेवण अंगी लागो, अशा अर्थाचं 'के आप्रोवेचे' म्हणून पुढे जायचं. 'या जेवायला'ला 'होऊ द्या' म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

पण मराठी माणसाला स्पॅनिशमध्ये घर सापडतं ते बरंच नंतर, संकेतार्थ आल्यावर. 'मे गुस्तारिया, पेरो…' म्हणजे आवडलं असतं, पण… हे शिकवून झालं आणि बाईंनी तोंडी परीक्षा ठेवली: मैत्रिणीने शनिवारी सिनेमाला बोलावलं आहे, नम्रपणे नकार द्या. एरवी क्रियापदाच्या रूपांवर अडखळणारी मंडळी सुसाट सुटली. एकाची मावशी येणार होती. एकीला उपास होता, आणि त्यातून घरात पेंटर लागला होता. तिसऱ्याने आईचे गुडघे काढले, मग तिकिटांचे दर, मग पाऊस. एक कारण पुरे होतं, असं बाई सांगत होत्या. पण मागच्या बाकावरून तोवर कुणीतरी हात वर करून विचारलं होतं, की पत्रिकेला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?