मुलगा सर्वेक्षणानुसार नोकरीला आहे

देशाची अर्थव्यवस्था कोरोनातून सावरली, याबद्दल आमच्या जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यात आता कुणाला शंका नसावी. असलीच तर ती मुलींच्या बापांना आहे, आणि ही जमात मुळातच संशयखोर.

आकडेच बघा. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातली बेकारी ६.१ टक्के होती. मग साथ आली. कारखान्यांना कुलपं लागली, एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी आपटला. आता बेकारी वाढेल, असं तुम्हा-आम्हाला वाटलं असतं. पण ती २०१९-२० ला ४.८ झाली, २०२०-२१ ला ४.२ आणि २०२२-२३ ला ३.२. म्हणजे साथ जसजशी पसरली तसतसा रोजगार फुलत गेला. लशीमागचं शास्त्र शोधणाऱ्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. बेकारीवर हा उतारा शोधणाऱ्याला मात्र साधी पद्मश्रीसुद्धा नाही.

उतारा कसा काम करतो ते जाफराबादेत बसून नीट दिसतं. वाळूजला किंवा चाकणला कंत्राटावर असलेलं पोरगं मार्च २०२० मध्ये कंपनी बंद झाल्यावर मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी, गावी परतलं. घरी तीन एकर. त्यात आई-बाप राबत होतेच. आता दोघं भाऊ आणि एक सून धरून पाच जण राबू लागले. कपाशीला बोंडं तेवढीच लागली, सोयाबीनला शेंगा तेवढ्याच. पण घरच्या शेतात बिनपगारी हातभार लावणारा सर्वेक्षणात ‘रोजगारात’ धरला जातो. तेही वर्षभर लावायला नको. पेरणी, खुरपणी, फवारणी, सोंगणी मिळून तीस दिवस भरले की पुरे. उरलेले अकरा महिने पारावर मोबाईल चोळत काढले तरी राष्ट्राच्या वहीत तो कामकरी.

देशभर हेच झालं. २०१८-१९ मध्ये शंभर कामकऱ्यांतले साडेबेचाळीस शेतीत होते, २०२०-२१ मध्ये साडेशेहेचाळीस. देश पुढे गेला की माणसं शेतातून कारखान्यात जातात, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपण पुस्तक उलटं धरलं आणि तरी पास झालो. त्या भयाण तिमाहीत सगळं कोसळत असताना शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली होती. तिचे उपकार सरकार विसरलं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं, तेव्हा ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी देण्यात आली. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव अर्ध्यावर. लाडक्याला फार डोक्यावर बसवू नये, एवढीच त्यामागची भावना.

पॅकेजचं म्हणाल तर ते १२ मे २०२० ला जाहीर झालं. वीस लाख कोटी. दोनावर तेरा शून्यं. तेरापैकी बरीचशी कर्जाच्या आणि कर्जहमीच्या रूपात होती, म्हणजे ज्याचा धंदा बुडाला त्याने धीर न सोडता आणखी कर्ज काढावं. त्याआधीच जाहीर झालेले पाचशे रुपये महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने आले, आणि माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. या धान्याची चेष्टा करायची आमची छाती नाही. ते खरंच आलं आणि त्यावर घरं तगली.

पॅकेजच्या चार दिवस आधी, ८ मे च्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळची गाडी गाठायला रुळांवरून चालत निघाले होते. करमाडजवळ दमून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. यावर उपहास सुचत नाही. आपला जिल्हा त्यांना एक एसटी देऊ शकला नाही, एवढंच नोंदवून पुढे जातो.

राज्य सरकारही मागे नव्हतं. ४ मे २०२० च्या निर्णयाने विकासाच्या खर्चात ६७ टक्के कपात झाली आणि नवी भरती थांबली. रोजगार वाढवायची सुरुवात रोजगार बंद करून करायची, हा आयुर्वेदातल्या लंघनासारखा प्रकार होता. एमपीएससीची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची, ती पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. तीही पुण्यात पोरं रस्त्यावर उतरल्यावर. तोवर सदाशिव पेठेतल्या कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे गावाकडची सोयाबीन देत होती. पुण्याची अर्थव्यवस्था सावरण्यात जाफराबादचा हा वाटा कुठल्याही अहवालात आलेला नाही.

लंघन संपलं आणि २०२३ मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांवर जागा निघाल्या. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. सगळ्यांनी नऊशेच भरले असं धरलं तरी नव्वद कोटी होतात. बेरोजगारांनी सरकारला दिलेलं हे पॅकेज. यात कर्ज नव्हतं, हमी नव्हती, पैसे थेट खात्यात जमा. दोन सरकारांनी मिळून जे केलं नाही ते या पोरांनी एका हप्त्यात करून दाखवलं.

त्यांचे उपकार फेडायला २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने. पोरं सरकारी कार्यालयांत जाऊन बसली, गावात ‘साहेब’ झाली. सहा महिन्यांनी ओरड झाली, तेव्हा आणखी पाच महिने वाढवून मिळाले. अकरा महिन्यांत त्यांना घरी परत जाण्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं.

आता खऱ्या कामाचंही सांगायला हवं, नाहीतर सदर एकतर्फी होईल. देऊळगाव राजा ते जाफराबाद या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. मिरची-टोमॅटोची कळी बोटांनी उघडायची, पुंकेसर अलगद काढायचे, मग नराचे परागकण लावायचे. नेटाखालच्या उकाड्यात एकेका फुलाशी हा खेळ दिवसभर चालतो. हे नाजूक काम बहुतेक बायका करतात. साथ असो नसो, फूल उमलायचं थांबत नाही, म्हणून कामही थांबत नाही. पण पारावरच्या पदवीधराला ते काम सुचवून बघा. ‘ते बायकांचं काम आहे’ म्हणतो आणि तलाठ्याच्या निकालाची वेबसाईट पुन्हा उघडतो. सरकारवर आम्ही टीका करतो ती करतोच, पण या साहेबांचंही थोडं चुकतंच.

तर मुद्दा मुलींच्या बापांचा. त्यांचं सर्वेक्षण स्वतंत्र असतं आणि त्यात बेकारीचा दर काही केल्या उतरत नाही. राष्ट्राला तीस दिवस पुरतात, बापाला पगाराची स्लिप लागते. पर्मनंट की कंत्राटी, हे तो चहाचा कप ओठाला लावायच्या आत विचारतो. त्याला जावयाकडे दहा एकर बागायत हवी असते आणि जावई त्या बागायतीत कधी उतरता कामा नये, अशीही त्याची अट असते. स्वतः शेतकरी असून हा माणूस शेतकऱ्याला मुलगी देत नाही, याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. सोयाबीनचा तो भाव त्याच्याही वहीत लिहिलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्यातले कितीतरी जण दिल्लीच्या हिशेबात रोजगारातच असतील.

म्हणून वाचकांना एक विनंती. जाफराबाद, टेंभुर्णी, भोकरदन या बाजूला एखादं चांगलं स्थळ माहीत असेल तर जरूर कळवा. मुलगा पदवीधर आहे, निर्व्यसनी आहे, तीन एकरांत तिसरा वाटेकरी आहे आणि राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नोकरीला आहे.