संकष्टी, पस्तीस हजार फुटांवर

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण 12,500 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर 14 तास होतात; पण जाताना समोरून वाऱ्याचा मार असतो, त्यामुळे 16 तास धरून चालायचं. येताना तेच वारे पाठीशी लागतात आणि प्रवास लवकर आटपतो. हे सगळं मला पाठ होतं. आणि एवढं पाठ असताना गप्प बसायची आमच्या घराण्यात रीत नाही.

निघायच्या दिवशी नेमकी संकष्टी. ‘‘पुण्याचा चंद्रोदय पावणेदहाचा आहे. घड्याळ बदलू नका. पावणेदहा वाजले की मोदक खा आणि मोकळे व्हा,’’ ही म्हणाली. त्यावर, चंद्रोदय असा डब्यात भरून नेता येत नाही, आपण जिथे तिथलाच चंद्र खरा, असं मी तिला विमानतळाच्या रांगेत चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. सोळा तासांत कुठेतरी उगवेलच की!

विमान दुपारी तीनला सुटलं. समोरच्या पडद्यावर ते पश्चिमेला जायचं सोडून वर वर सरकत होतं. गोल पृथ्वीवर जवळची वाट उत्तरेकडून जाते, हे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी कानाला हेडफोन लावले.

पावणेदहा वाजले. हिने हात जोडले आणि डबा उघडला. वेलदोड्याचा वास तीन रांगा दरवळला. खिडकीबाहेर मात्र युरोपावर लख्ख ऊन!

मग माझ्या लक्षात आलं ते असं : विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे 1,670 किलोमीटरने फिरते, पण उत्तरेकडे सरकावं तसा हा वेग कमी होत जातो. स्कॉटलंडच्या आसपास तो 900 वर येतो, म्हणजे थेट आमच्या विमानाइतका. पश्चिमेला पळणारे आम्ही सूर्याला मावळूच देत नव्हतो. सूर्य मावळून दोन-तीन तास होईपर्यंत संकष्टीचा चंद्र कुठला उगवायला?

जेवणाची गाडी आली. ‘‘व्हेज ऑर नॉनव्हेज, सर?’’

‘‘मून,’’ मी म्हणालो. ‘‘आय ॲम वेटिंग फॉर द मून.’’

हवाई सुंदरीने पाण्याची बाटली दिली आणि पडद्याआड जाऊन सहकाऱ्याला माझा आसनक्रमांक सांगितला. तो दर अर्ध्या तासाने येऊन माझी विचारपूस करू लागला.

अटलांटिकवर कधीतरी तांबूस अंधारलं. मी खिडकीला नाक लावून बसलो. काच बर्फासारखी गार. बराच वेळ झाल्यावर ही डोळे न उघडता म्हणाली, ‘‘अहो, आपण पश्चिमेला चाललोय ना? मग पूर्व शेपटीकडे आली.’’

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिथले रात्रीचे साडेनऊ. शिक्के-बिक्के होऊन बाहेर आलो, तर आभाळ गच्च भरलेलं. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. ती सकाळचा चहा घेत होती.

‘‘पोचलास? उपास सोडलास ना रे?’’

‘‘अजून नाही. चंद्र दिसायचाय.’’

‘‘अरे, इथे पंचमी उजाडली!’’ आई म्हणाली. ‘‘एकट्या तुझ्यासाठी गणपतीने किती वेळ ताटकळायचं?’’